चिंगीने सगळ्यांना फोन लावला

“तुम्ही रोज बोलावता, म्हणून आलो... पण माझे डोळे अगदी ठणठणीत आहेत हो!”

डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर वाकून तो बोलत होता. ओले केस, खांद्यावर टॉवेल आणि अंगाला तलावातल्या क्लोरीनचा वास. काउंटरमागे लॅपटॉप घेऊन बसलेल्या चिंगीने मान वर केली. पेशंटना फोन लावून तिच्याच आवाजात तपासणीची आठवण करून देणारा प्रोग्राम तिने लिहिला होता आणि आज ती तो बसवून द्यायला आली होती.

“नंबर सांगा तुमचा.”

त्याने सांगितला आणि तिने तो लगेच ओळखला. प्रोग्राम तपासताना तिने मनाला येईल तो नंबर टाकला होता... कुणाचा नसेलच, असं गृहीत धरून. तिकडे ती बटण दाबत होती आणि इकडे ह्या बिचाऱ्याचा फोन वाजत होता!

“उद्या आपली तपासणी आहे, कृपया वेळेवर यावे,” त्याने हुबेहूब तिच्या सुरात म्हणून दाखवलं. “तुमचाच आवाज ना हा? मी पोहायला शिकवतो. शिकवणं सोडून पाण्यातून धावत येतो फोन घ्यायला.”

“सॉरी... ते लायब्ररीमुळे झालं.” चूक स्वतःची आणि खापर लायब्ररीवर!

“लायब्ररीमुळे?”

“म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. आपण फक्त नंबर आणि मजकूर द्यायचा. मेसेज पाठवणं, फोन लावणं, सगळं तो करतो. थांबा, आत्ताच काढते तुमचा नंबर.”

“नको!” तो पटकन म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे... सवय झालीये आता आवाजाची.”

चिंगीने नंबर प्रोग्राममधून काढला आणि गुपचूप स्वतःच्या फोनमध्ये ठेवला. पुढच्याच आठवड्यात, पाण्याला जन्मभर घाबरणारी ही मुलगी पोहण्याच्या तलावावर हजर! ती त्याला मास्तर म्हणायची. तो म्हणायचा, “पाय हलव, तोंड नंतर हलव.” ती पाणी गिळायची, खोकायची, भांडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. प्रेमात पडलेल्या माणसाला नाकातोंडात पाणी गेल्याचंसुद्धा काही वाटत नाही.

एका संध्याकाळी तलावाच्या कठड्याला धरून दोघं दम खात होती, तेव्हा त्याने विचारलं, “चिंगे... लग्न करशील माझ्याशी?”

तिला हो म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण तोंडातून निघालं, “घरी विचारते...”

त्याने मान हलवली, हसलासुद्धा, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. घरी जाताना चिंगीला स्वतःचाच राग येत होता.

आणि घरी बाबा तयारच होते.

“चड्डीवर नोकरी करणारा जावई? चारचौघांत काय सांगू मी?” तिने मास्तरचा विषय काढताच ते कडाडले. “माझ्या मित्राला मी शब्द दिलाय. त्याच्या मुलाशीच तुझं लग्न होईल. रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलंय, फोन करून कळवूनही झालंय.”

“सगळ्यांना कळवलंत. मला विचारलंत?”

“तुला काय विचारायचंय त्यात!”

चिंगी वळून आत गेली. बाबांना वाटलं, पोरगी वठणीवर आली. ती मात्र आतून लॅपटॉप घेऊन आली आणि त्यांच्यासमोरच टेबलापाशी बसली.

“काय करतेयस?”

“तुम्ही कळवलंत ना? आता मीही कळवते.”

तिने दवाखान्याचा नव्हे, स्वतःचा नवा प्रोग्राम उघडला. काका, मामा, आत्या, झाडून सगळ्यांचे नंबर घातले. आईबाबांचेही. आणि मास्तरचा... त्याला तिने अजून होकार कुठे दिला होता? मग तिने आवाज रेकॉर्ड केला. तो जराही कापला नाही.

“मी चिंगी बोलतेय. माझं लग्न ठरल्याचं तुम्हाला कळवलंय, पण मला ते मान्य नाही. माझं ज्याच्यावर प्रेम आहे तो पोहायला शिकवतो. हो, चड्डी घालूनच शिकवतो! लग्न मी त्याच्याशीच करणार. आनंद झाला असेल तर एक दाबा. राग आला असेल तर दोन दाबा.”

तिने बटण दाबलं.

स्क्रीनवर पहिलं उत्तर मास्तरचं उमटलं. एक! चिंगीच्या गालावर खळी पडली. मग काकांचं दोन. मामांचंही दोन. आत्याचं तर तडकाफडकी दोन. चिंगीने ओठ घट्ट मिटले, पण लॅपटॉप मिटला नाही. आई फोन कानाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने बाबांच्या नजरेला नजर भिडवली आणि एक दाबलं.

बाबांचाही फोन वाजला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. बोट एकावर गेलं, दोनावर गेलं, तिथेच घुटमळलं.

“ह्यात... बोलायचं असेल तर काय दाबायचं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही दाबायचं, बाबा. मी समोर आहे, बोला. पण लग्न मी त्याच्याशीच करणार.”

बाबांनी फोन बंद करून बाजूला ठेवला.

“बरं... मग सांग. कसा आहे तो?”

“पहिल्यांदा मला काहीतरी विचारलंत,” चिंगी म्हणाली आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.