शेताच्या मधोमध क्लब हाऊस

त्या रविवारी अ‍ॅशबर्नच्या कम्युनिटी सेंटरच्या पार्किंगमध्ये असा वारा सुटला होता की हिमानीची ओढणी एकीकडे आणि केस दुसरीकडे. एप्रिलचा पाऊस नुसता भुरभुरत होता. कांचनमावशी घाईघाईने आत निघून गेली होती. इतक्यात एका उंच मुलाच्या हातातला गुंडाळलेला बॅनर सुटला, उलगडत आला आणि थेट हिमानीच्या पायांना येऊन बिलगला.

"सॉरी, सॉरी! हलू नका... म्हणजे हला, पण बॅनरवर पाय नको, प्लीज!"

"मग काय उडू?"

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल वर जायचा. "उडू नका. एक टोक धरा, दुसरं मी धरतो."

तिने टोक धरलं. दोघांनी मिळून बॅनर ताणला. त्याच्या चष्म्यावर पावसाचे थेंब होते आणि हात अडकल्यामुळे ते पुसता येत नव्हते. तिला वाटलं, आपणच पुसून द्यावेत... आणि मग तिची नजर बॅनरवर गेली.

डोंगराच्या कुशीतलं गाव. पत्र्याची छपरं, छोटं चर्च, आणि पुढे हिरव्या शेतावर आखलेले पांढरे चौकोन. प्लॉट एक, प्लॉट दोन... मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'क्लब हाऊस'.

"हे वाएरुंबू आहे," ती हळूच म्हणाली.

"वा! तुम्हाला माहीत आहे?"

"अकरा महिने राहिलेय मी तिथे." तिचा आवाज चढला. "इथे क्लब हाऊस कुणी ठेवलंय?"

"मी," तो अभिमानाने म्हणाला. "मी वेद. नकाशा माझाच आहे. का? चांगला नाही?"

हिमानीने बॅनरचं टोक सोडून दिलं. वाऱ्याने ते सरळ त्याच्या तोंडावर मारलं.

हिमानी स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या या गावात ती अभ्यासाला गेली होती आणि मार्ता नावाच्या बाईच्या घरी लेकीसारखी राहून आली होती. तिकडे आईला 'मामा' म्हणतात, म्हणून तीही मार्ताला मामाच म्हणायची. सुट्टीत मावशीकडे आली तर मावशी तिला इथे घेऊन आली. कशाला, तर वेदचे गिरीशकाका परदेशातल्या जमिनीबद्दल बोलणार होते. रिटायर झालेली डॉक्टर-इंजिनियर मंडळी बटाटेवडे खात ऐकायला बसली होती.

गिरीशकाकांचा आवाज गोड. "एअरपोर्ट चाळीस मिनिटांवर. बाल्कनीतून समुद्र. आणि माणसं इतकी साधी, की विचारू नका!"

हिमानी उभी राहिली. "काका, एअरपोर्ट पाच तासांवर आहे. तेही ट्रकमध्ये फळीवर बसून. पावसात रस्ता वाहून गेला तर दोन दिवस. समुद्र तिथून दिसत नाही. फोनला रेंज हवी तर टेकडीवरच्या लवंगेच्या झाडाखाली जावं लागतं. आणि परदेशी माणसाच्या नावावर तिथे शेतजमीन होतच नाही."

"म्हणून तर लोकल पार्टनरच्या नावावर," काका हसून म्हणाले. "बेटा, प्रश्न शेवटी. पीएच.डी.वाल्या मुलींना जिकडेतिकडे अन्यायच दिसतो."

हॉल हसला. मावशीने तिचा हात ओढून तिला खाली बसवलं. हिमानीचे कान तापले. आणि सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल, तर खाली मान घालून लॅपटॉपची वायर नीट करणाऱ्या त्या मुलाचा. तिचा शब्दन्‌शब्द त्याने ऐकला होता. तो हसला नव्हता, हे खरं. पण बोललाही नव्हता.

चहाच्या वेळी तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हातात दोन कप.

"साखर आहे. चालेल?"

"विष असतं तरी चाललं असतं."

"तेवढं नाही मिळालं." तो घुटमळला. "क्लब हाऊसचं काय चुकलं... सांगाल?"

तिने वड्याची कागदी प्लेट उलटी केली, पेन घेतलं आणि मधोमध एक टिंब काढलं. "हे शेत गोल आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखं. मध्ये खांब. गावाचा जाणता माणूस त्या खांबापाशी बोटं ठेवतो. मोठ्या घराला चार बोटं, लहान घराला एक. त्या बोटांच्या रुंदीपासून रेघा निघतात, त्या पार कडेपर्यंत रुंदावत जातात. अशी ज्याची त्याची वाटणी. पेरणीआधी तिथेच पूजा होते. तुमच्या क्लब हाऊसच्या बारखाली."

वेद प्लेटकडे बघत राहिला. "त्या रेघा... ड्रोनच्या फोटोत होत्या."

"मग?"

"मला वाटलं पायवाटा आहेत. मी पुसून टाकल्या." त्याने कप खाली ठेवला. "माझं कामच ते आहे. इथे डेटा सेंटरच्या जागांचे नकाशे करतो. खाली जे असेल ते पुसायचं आणि वर चौकोन काढायचे."

"फारच सोपं काम आहे हो."

"रागवा. पण रेघा पुन्हा काढायला मदत करा... कराल?"

नको म्हणायला तोंड उघडलं होतं तिने. पण त्याच्या चष्म्यावरचे थेंब सुकून डाग पडले होते. तिने पर्समधून टिश्यू काढून त्याच्यापुढे धरला. "आधी स्वच्छ बघायला शिका."

आठवडाभर फोन चालू राहिले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एकेक रेघ काढताना ती त्याला त्या रेघेचं घर सांगायची. हा वाटा शिक्षकाचा, हा कॉफी वाळवणाऱ्या दोन बहिणींचा, हा मामाचा. तो मधेच म्हणायचा, "आणि तुझा?"

"माझा कशाला असेल? मी पाहुणी."

"मी प्लॉट देऊ एक? सी व्ह्यू आहे."

"वेद!"

"सॉरी, सॉरी."

शनिवारी सकाळी तो साडेतीन तास ड्राइव्ह करून स्टेट कॉलेजला आला. वाएरुंबूत तेव्हा रात्र सुरू होत होती. मामा टॉर्च घेऊन लवंगेच्या झाडाखाली आली होती. तिचा चेहरा स्क्रीनवर हलत होता. ती बोलत होती आणि हिमानी मराठीत सांगत होती.

"तिच्या पुतण्याने एकट्यानेच जमीन विकायची सही दिली म्हणते. जाणत्या माणसाला कुणी विचारलंच नाही. शेतात लाल फितीच्या खुंट्या ठोकल्यात. खुंट्यांच्या आत पेरायचं नाही असं बजावलंय. पाऊस आला की पेरायचं कुठे, असं विचारतेय ती." मग ती स्वतःचं बोलली. "इथली माणसं बाल्कनी मागतात, आणि तिला स्वतःच्या शेतात उभं राहायला बंदी!"

मामाने मान वाकडी करून हिमानीच्या मागे पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणाली?" वेदने विचारलं.

"कोण आहे हा, म्हणाली. मी सांगितलं, ज्याने नकाशा केला तो."

"मग?"

"मग तिने विचारलं..." हिमानीला रागही येत होता आणि रडूही. "जेवलाय का तो."

वेद उठला. "गाडीतून लॅपटॉप आणतो," म्हणाला. जिन्यात बराच वेळ त्याच्या पावलांचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅशबर्नला सह्यांची बैठक होती. फॉर्म वाटून झाले होते. हिमानी मागच्या रांगेत बसली होती. वेद कुठवर जाईल, याची तिला खात्री नव्हती. ज्या काकांनी त्याला या देशात आणलं, शिकवलं, घरात ठेवलं, त्यांच्यासमोर त्याला बोलायचं होतं. तो गप्प बसला तर मामाचं शेत जाणार होतं, आणि त्याच्याबरोबर आणखीही काहीतरी... त्याला अजून नाव नव्हतं.

काका म्हणाले, "वेद, नकाशा लाव."

पडद्यावर चौकोन आले नाहीत. जाळं आलं. प्रत्येक रेघेवर एका घराचं नाव.

"आधीचा नकाशा मी केला होता," वेद म्हणाला. "तो खोटा आहे. मी रेघा पुसल्या होत्या. हे रिकामं माळरान नाही, चौतीस घरांचं शेत आहे. एका माणसाच्या सहीने ते विकता येत नाही. आणि समुद्र दिसत नाही. मी तपासलं. मध्ये अख्खा डोंगर आहे."

"खाली बस," काका दबक्या आवाजात म्हणाले. "तुला या देशात कुणी आणलं?"

"तुम्ही, काका. म्हणूनच तुमच्या तोंडावर बोलतोय."

"साधी माणसं आहेत ती, त्यांना चार पैसे मिळाले तर तुझं काय जातं?"

"साधी आहेत म्हणून विचारायचंच नाही?" वेदचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. "तुमच्या घराच्या देवघरावर मी बार काढला तर?"

 मग कांचनमावशीने हातातला फॉर्म उभा फाडला. "मला समुद्र हवा होता हो, गिरीशभाऊ. कुणाचं देवघर नको होतं." तिच्यामागून आणखी फॉर्म टेबलावर परत पडले. सगळे नाही, पण बरेच.

बाहेर पार्किंगमध्ये वेद गाडीला टेकून उभा होता. मागच्या सीटवर कोंबलेल्या कपड्यांची बॅग दिसत होती.

"काकांनी घराची किल्ली मागून घेतली," तो म्हणाला. "अंदाज होताच, बॅग सकाळीच भरली होती. सध्या मित्राकडे राहीन." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू अजून चिडलेलीच आहेस."

"आहेच. इथले उठले, उद्या दुसऱ्या हॉलमध्ये दुसरे बसतील. त्या खुंट्या अजून शेतातच आहेत."

"नवा नकाशा तिकडे पाठवलाय. जाणता माणूस तो गावासमोर ठेवणार आहे. पुढे जिथे लागेल तिथे मी साक्ष देईन." तो थांबला. "मला ते गाव बघायचंय, हिमानी. ड्रोनमधून नाही... जाता येतं का कुणालाही?"

"कुणालाही नाही. कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं, हा आमचा आहे म्हणून. मग ते पान-सुपारी देऊन आत घेतात."

"मग माझ्याबद्दल कोण सांगणार?"

हिमानीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"सांगून झालंय."

"कधी?"

"काल. तू लॅपटॉप आणायला खाली गेलास तेव्हा."

वेदचा एक गाल हळूहळू वर गेला. "आणि आज मी बोललोच नसतो तर?"

"तर मामाला फोन करून सांगितलं असतं," ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "की दार लावून घे."