काळवंडलेल्या पापुद्र्याचा स्कॅन

"स्कॅन मी केलाय. कुणी काही म्हणो, केलाय!" तरुण संशोधिका खुर्चीत न बसताच म्हणाली.

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी मान डोलावली. त्यांना सगळे वहिनीच म्हणत. बॅग सांभाळणारे धाकटे दीर तर हक्काने.

ज्याचा स्कॅन करायचा, तो धातूचा पातळ पापुद्रा आता हवा लागून काळवंडला होता. पुन्हा मोजणं अशक्य. फाइल मात्र ना तिच्या संगणकावर, ना सगळ्यांच्या सर्व्हरवर. संचालकांचं मत ठरलेलं: आजारी लेकीकडे धावली, स्कॅन केलाच नाही. संध्याकाळपर्यंत फाइल मिळाली नाही, तर प्रकल्प सहकाऱ्याकडे.

"नेहमी मी यंत्राच्या खोलीत बसते. तिथे मोबाइल चालत नाही. परवा लेकीला ताप, म्हणून पहिल्यांदाच माझ्या टेबलावरून स्कॅन सुरू केला. माझ्या संगणकाच्या डी ड्राइव्हवर फोल्डर केलं, तोच पत्ता प्रोग्रॅममध्ये भरला. शेवटी हिरव्या अक्षरांत आलं, 'डेटा जतन झाला'. मगच निघाले."

"मध्ये काही अडलं?"

"स्क्रीन गोठली होती. परत आली तेव्हा मोजणी बरीच पुढे गेलेली."

सहकारी हसला. "ती गेल्यावर तिच्या खुर्चीत बसलो होतो, कबूल. पण पुसणार काय? फोल्डर रिकामंच होतं."

तंत्रज्ञ वैतागला. "परवा तिच्या मजल्याचं नेटवर्क थोडा वेळ मीच तोडलं होतं, नेटवर्कचा स्विच बदलायला. सगळ्यांना सांगून!"

"वहिनी, हाच तो!" दीर कुजबुजले. "वायर काढली, डेटा वाटेत सांडला!"

"भाऊजी, ते काय दूध आहे?"

वहिनींनी सगळ्यांना यंत्राच्या खोलीत नेलं.

"नेटवर्क तुटलं तेव्हा यांच्या टेबलापर्यंत काहीच पोचत नव्हतं. तरी मोजणी थांबली नाही. म्हणजे टेबलावरून नुसता हुकूम गेला. स्कॅन चालवला इथल्या संगणकाने. जो चालवतो, तोच जतन करतो. त्याला सांगितलं 'डी ड्राइव्ह', त्याने स्वतःचाच उघडला. हिरवी अक्षरं खरीच होती. सगळे सर्व्हरवर ठेवतात, म्हणून इथे कुणी डोकावलंच नाही."

संशोधिकेने माउस हातात घेतला. डी ड्राइव्ह. फोल्डर. फाइल. स्क्रीनवर आलेख उमटला, मधोमध एक उंच सुळका.

संचालक खाकरले. "छान. मला पाठवून द्या."

"पाठवते, सर. आधी इथे बसून शेवटपर्यंत बघा." तिने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "लेकीकडे मी धावलेच होते. स्कॅन पूर्ण करून."

संचालक खुर्चीत बसले.