सवतीचा बाण

भुतं रात्री निघतात असं जो कोणी सांगतो, त्यानं मे महिन्यात जळगावात एकही दुपार काढलेली नाही, हे खुशाल समजावं. रात्री इथे गच्चीगच्चीवर माणसं असतात, खाटा असतात, कुणाचा खोकला, कुणाच्या मोबाईलवर मॅच. भुतानं उभं राहायचं कुठे? दुपारी मात्र बघा. रस्त्यावर कुत्रं नसतं. खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या, घरात कोंदट अंधार, कूलरची घरघर. आणि त्या घरघरीखाली दुसरा कुठलाही आवाज दबा धरून बसू शकतो.

मेहरूणला, तलावाच्या अंगाला, हितेंद्रचं घर आहे. तिथे जे झालं ते अशाच एका दुपारी झालं. सुरुवात तर अगदीच किरकोळ होती. हितेंद्रच्या बायकोच्या, मयुरीच्या, नव्या लॅपटॉपवरचा माऊसचा बाण दिसेनासा झाला.

लॅपटॉप मोठा देखणा. वहीएवढा पातळ, वाळलेल्या बिबड्यासारखा, म्हणजे ज्वारीच्या पापडासारखा, हलका. हातात घेतला तर आत काही आहे की नुसतंच टरफल, अशी शंका यावी. हितेंद्रचा धंदा फ्लेक्स बॅनरचा. वाढदिवस, निवडणूक, बारसं, दहावा, सगळ्यांचे बॅनर त्याच्या दुकानात छापून निघतात, आणि त्यांची डिझाइनं मयुरी घरी बसून करते. मयुरी धुळ्याची. तिथल्याच क्लासात हे काम शिकली. हात चांगला, नजर तेवढी अधू. जाड गोल भिंगांचा चष्मा लावूनही पडद्याला नाक टेकवल्याशिवाय तिचं काम होत नसे.

नवरा मिळवता, घर स्वतःचं, वर हा नवाकोरा लॅपटॉप. मग दुखत होतं कुठे? दुखत होतं गळ्यात.

मयुरी हितेंद्रची दुसरी बायको. पहिली, रूपाली, तापानं गेली. आणि दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक गळ्यात बांधायचा, ही त्या घरातली रीत. अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, छातीशी जोडलेले हात. घरात नवं काही आलं, साडी असो की बांगडी, की आधी ते टाकाला लावायचं आणि मग आपण वापरायचं. म्हणजे मयुरीनं जन्मभर रूपालीचं उष्टंच नेसायचं.

जिवंत सवत परवडते, बरं का. तिची भाजी कधीतरी खारट होते, तिचे केस पिकतात, तिच्याशी कडाकडा भांडता येतं. मेलेली उलट बोलत नाही, म्हणून दर वेळी तीच जिंकते. भरीत करावं तर रूपालीनं. रांगोळी काढावी तर रूपालीनं. दुकानातली डिझाइनंही पूर्वी तीच करायची, आणि तीसुद्धा डाव्या हातानं. गिऱ्हाइकं अजून मयुरीचं काम बघून मान हलवत आणि म्हणत, "छान आहे... पण रूपालीवहिनींच्या डाव्या हाताची सर नाही."

हितेंद्र त्यावर काहीच बोलत नसे. त्याचं ते न बोलणं मयुरीच्या घशात काट्यासारखं रुतून बसलं होतं. तिला सोनं नको होतं, फिरायला जायला नको होतं. एकदाच नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं की मयुरी, तू तिला मागे टाकलंस. बस्स.

लॅपटॉप आला त्या दिवशी सासूबाईंनी, सुमनबाईंनी, टोकलंच. सुमनबाई अमळनेरकडच्या. शहरात केस पांढरे झाले तरी बोली सुटली नव्हती.

"आधी तिले दखाडं का वं?"

"लॅपटॉपपण दाखवायचा?"

"नवी वस्तू ती नवी वस्तू. आधी तिले दखाड, मंग तू वापर."

"तिला काय कळतंय आई लॅपटॉपमधलं?"

सुमनबाई हसल्या. "तुन्हापेक्षा जास्ती समजे तिले."

"दाखवला," मयुरी म्हणाली. दाखवला नव्हता. ही एक वस्तू तरी तिला उष्टी नको होती.

आणि नशीब बघा, त्या लॅपटॉपवर पहिलंच काम आलं ते रूपालीच्या पुण्यस्मरणाच्या बॅनरचं. हितेंद्र सकाळी फोटो देऊन गेला. "नीट कर हं," एवढंच बोलला. पण बोलताना बघत होता फोटोकडे, हिच्याकडे नाही.

दुपारी सुमनबाई मागच्या खोलीत आडव्या झाल्या. वर गच्चीत त्यांचे बिबडे कडक होत होते. मयुरीनं लॅपटॉप उघडला. रूपाली पडद्यावर आली. टपोरे डोळे, हसरी जिवणी, आत्ताच कुणीतरी छान म्हटल्यासारखा चेहरा. मयुरीनं तिच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं.

मग ब्रश घेतला. फार काही करणार नव्हती ती. डोळ्यांखाली जरासं काळं. ओठांचे कोपरे किंचित खाली, म्हणजे बाई जन्माची किरकिरी वाटेल. कातडीवरचं तेज थोडं पुसायचं. हितेंद्रला वाटेल, फोटोच तसा असावा. वर्षभर दुकानात तोच फोटो राहील, आणि मग हळूहळू आठवणही तशीच होईल.

बाण रूपालीच्या चेहऱ्यापाशी गेला आणि नाहीसा झाला.

बाजूला घेतला की दिसे. फुलांच्या चौकटीवर दिसे, नावावर दिसे, तारखेवर दिसे. चेहऱ्यावर नेला की गडप. मयुरीनं लॅपटॉप बंद करून परत चालू केला. तेच. शेवटी तिनं आतिफला फोन लावला. दुकानाचे कॉम्प्युटर तोच बघत असे.

"भाभी, या उन्हात मी यायची गरज नाही," तो म्हणाला. "इथूनच जोडतो. पडद्यावर नंबर येईल तो सांगा, आणि परवानगी मागेल तिथे हो म्हणा."

जोडणी झाली. आतिफचा बाण तिच्या पडद्यावर फिरू लागला आणि एकदम थबकला.

"अरे... रूपालीभाभी! फार भल्या बाई होत्या."

"बाणाचं बघा," मयुरी म्हणाली. लॅपटॉप दुरुस्त करणारासुद्धा तिचाच!

आतिफनं ड्रायव्हर काढून नवा टाकला. पडद्याचा आकार बदलून पाहिला. बाणाची सावली बंद केली, त्याची शेपटी बंद केली, बाण मोठा करून पाहिला, तेव्हा कुठे तो चेहऱ्यावर पुसटसा दिसू लागला. मध्येच म्हणाला, "भाभी, तुम्ही हात लावू नका ना. मला काम करू द्या."

"मी कुठे लावतेय? तुम्हीच हलवताय."

"मी? मी तर चहा घेतोय."

पडद्यावर बाण हलत होता. रूपालीच्या गालावरून, कपाळावरून, केसांच्या कडेनं... आरशासमोर बसून बाई स्वतःच्या तोंडावरून हात फिरवते ना, तसा. सावकाश.

"भाभी..." आतिफचा आवाज खाली आला. "हा बाण उलटा आहे."

"उलटा म्हणजे?"

"आपला बाण डावीकडे टोक करतो. ह्याचं टोक उजवीकडे आहे. डावखुऱ्या लोकांसाठी असतो असा. तो मुद्दाम निवडावा लागतो, आपोआप येत नाही. घरात डावखुरं कोण आहे?"

कूलर घरघरत होता. वाळ्याच्या ताट्यांतून गार हवा येत होती, तरी मयुरीच्या पाठीला घाम फुटला.

"कोणी नाही," ती म्हणाली. "आता... कोणी नाही."

पण आतिफ पडला कारागीर. भुतावर विश्वास ठेवला तर दुकान बंद करावं लागेल. त्यानं विचार केला आणि विचारलं, "तुम्ही फार वाकून बसता ना? गळ्यातलं काही टचपॅडला टेकतं का बघा."

मयुरीनं खाली बघितलं. मंगळसूत्राच्या पुढे लोंबणारा टाक टचपॅडवर पालथा पडला होता. अगदी मधोमध. निजलेल्या मुलासारखा.

"टेकतंय."

"घ्या! चांदी लागली की टचपॅडला वाटतं बोटच आहे. ते गळ्यातलं काढून ठेवा आधी."

लग्न झाल्यापासून तो टाक अंघोळीलासुद्धा निघाला नव्हता. मयुरीचे हात मानेमागे गेले. भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिला आतून गुदगुल्या झाल्या. 'आतिफनं सांगितलं, आई, मी काय करू...' असं सासूबाईंना द्यायचं उत्तर मनातल्या मनात तयारही झालं. तिनं दोरा सोडला आणि टाक कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. मान एवढी हलकी वाटली की आपोआप ताठ झाली.

बाण सरळ झाला. टोक डावीकडे, शहाण्यासारखा. चेहऱ्यावरही स्वच्छ दिसू लागला.

"झालं ना?" आतिफ हसला. "काही नसतं भाभी. जोडणी तोडतो, ठेवतो."

आता मयुरीला अडवणारं कोणी नव्हतं. तिनं रूपालीच्या डोळ्यांखाली काळं भरलं. ओठ खाली ओढले. हात असा चालत होता की बस्स, लोण्यातून सुरी जावी! मधूनच तिला फ्लेक्सच्या शाईचा वास आला. ओला, उग्र, घशाला झोंबणारा. छपाईचं मशीन तर दुकानात, तेही गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिनं इकडेतिकडे पाहिलं. ओल्या चादरीतून गाळून आलेला मातकट उजेड, आणि खिळ्याला टाक. वारा नसताना हळूहळू गिरक्या घेणारा.

तेवढ्यात लाइट गेली.

कूलर घरघरत थांबला आणि घरात जी शांतता पसरली, तीत सुमनबाईंचा श्वासही ऐकू येईना. लॅपटॉप बॅटरीवर आला, पडदा मंद झाला. त्या मंद काचेत मयुरीला स्वतःचा चेहरा दिसला. बरोबर रूपालीच्या चेहऱ्यावर पडलेला. डोळ्यांवर डोळे, ओठांवर ओठ. हिचा चष्मा तिच्या डोळ्यांवर.

आणि बाण हलला.

मयुरीचे दोन्ही हात मांडीवर होते. बाणाचं टोक वळलं, उजवीकडे झालं. आधी त्यानं रूपालीच्या डोळ्यांखालचं काळं पुसलं. ओठ होते तसे केले. कुठे घाई नाही, कुठे चूक नाही. मयुरी बघत राहिली, आणि त्या तसल्या वेळीही तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? पळावं, ओरडावं? छे! तिच्या मनात आलं, मेली काय सुरेख काम करते...

मग बाण फोटोवरून सरकला आणि काचेतल्या मयुरीवर आला.

तो तिच्या चष्म्याच्या कडेवरून फिरला. जिथून फिरला तिथली कड पुसली गेली. दुसऱ्या भिंगावरून फिरला. तेही गेलं. मयुरीनं हात उचलून डोळ्यांना लावला. चष्मा बोटांना लागत होता... काचेत मात्र नव्हता. तिला ओरडायचं होतं. बाण ओठांवर आला.

"आई..." एवढंच निघालं. तेही अर्धं.

मागच्या खोलीत सुमनबाईंनी कूस बदलली. बिबडे उलटायला हवेत, असं त्यांना झोपेत वाटलं, आणि त्या पुन्हा झोपल्या.

संध्याकाळी हितेंद्र घरी आला तेव्हा लाइट आलेली होती. बायको लॅपटॉपसमोर बसली होती, पाठ सरळ, पडद्यापासून हातभर दूर. जाड भिंगांचा चष्मा मिटून खाटेवर पडला होता. हितेंद्र बॅनर बघायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. रूपाली जिवंतपणी दिसायची त्याहून जिवंत दिसत होती.

"मयुरी," शेवटी तो म्हणाला, "खरं सांगू? आज तू तिलाही मागे टाकलंस."

बायको हसली. तिनं पाण्याचा तांब्या उचलून त्याच्यापुढे धरला. डाव्या हातानं.

त्याच क्षणी भिंतीकडे टणकन आवाज झाला. खिळ्याचा टाक खाली पडला होता. नुसता पडला नव्हता, फरशीवर थरथरत होता, उपडं झाकण थरथरावं तसा. बिबड्यांची टोपली घेऊन जिन्यातून उतरलेल्या सुमनबाईंनी तांब्या धरलेला हात बघितला. खाटेवरचा चष्मा बघितला. मग टोपली ठेवली आणि वाकून टाक उचलला.

तीच बाई, तेच जोडलेले हात. डोळ्यांची तीच दोन टिंबं. फक्त आता प्रत्येक टिंबाभोवती एकेक बारीक गोल होता, आणि दोन गोलांना जोडणारी, नाकावरून गेलेली, केसाएवढी रेघ.

सुमनबाईंनी अंगठ्यानं ते पुसून बघितलं. पुसलं गेलं नाही. टाक गरम होता.

त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं काही न विचारता मान पुढे केली आणि केस डाव्या हातानं बाजूला धरले.

"इसरू नको, माय," सुमनबाई हळूच म्हणाल्या, "नवी वस्तू ऊनी का आधी इले दखाडानी."

त्यांनी दोऱ्याची गाठ मारली. थोडं थांबल्या. मग त्या गाठीवर आणखी एक मारली.