एकशे दहा ते एकशे चाळीस

"माझ्या बापाला त्यांनी तीन दिवसांत दोनदा मारलं!"

वहिनींनी खुर्ची पुढे सरकवली, पण उस्तादांची मुलगी बसली नाही. बाप ज्या कारखान्यात वेल्डर, तिथेच तीही वेल्डर होती. हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग होते आणि डोळ्यांत नुसती आग.

सोमवारी हवा भरून चाचणी घेताना उस्तादांनीच जोडलेली नवी टाकी फुटली आणि शेजारी उभे असलेले ते जागीच गेले. आज गुरुवार. चार वाजता सरकारी निरीक्षक अहवालावर सही करणार होते: वेल्डरने लेखी पद्धत मोडली, त्याचाच निष्काळजीपणा.

"लेखी पद्धत म्हणजे काय?" भाऊजींनी विचारलं. शोध लावायचं काम वहिनींचं, आणि वही सांभाळायचं त्यांच्या या धाकट्या दिराचं. भाऊजी आणि वही, दोघांत जास्त कळायचं ते वहीला.

"प्लेट किती तापवायची, करंट किती, रॉड कोणता, ते सगळं लिहिलेलं असतं," वहिनी म्हणाल्या. "पण आधी त्याच प्लेटचा तुकडा जोडून, वाकवून बघतात. तुकडा टिकला तरच पद्धत पास. त्या चाचणीचा कागद वेगळा."

"आणि त्या पद्धतीबाहेर बाबा एक टाका मारायचे नाहीत!" मुलगी म्हणाली.

कारखान्यात फुटलेल्या टाकीच्या सांध्याच्या कडेने पिवळ्या खडूची वितळलेली रेघ होती. वहिनी ती रेघ बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या.

"प्लेट पुरेशी तापली का ते या खडूने बघतात. हा पन्नास अंशांना वितळतो," मुलगी म्हणाली. "पद्धतीत पन्नासच लिहिलेत."

स्टोअरवाले आजोबा वही उघडूनच बसले होते. "रॉड भट्टीतून गरम काढून दिले. नऊ वाजून दहा मिनिटं. चोवीस दिले, तीन परत आले."

"आणि ही नवी जाड प्लेट?"

"तीन पत्रे आले, तिन्ही अख्खे टाकीला लागले. चार बोटं तुकडा उरला नाही."

क्वालिटीचे साहेब मान वर करेनात.

"चाचणीच्या कागदावर सही तुमची?"

"माझीच."

"चाचणी झाली होती?"

"कागद आहे ना."

वहिनींनी साहेबांनी भरलेलं जुन्या चाचण्यांचं रजिस्टर चाळलं. वेल्डच्या प्रत्येक थरासमोर करंटचा आकडा: एकशे तेवीस, एकशे सव्वीस, एकशे एकवीस. पानंच्या पानं. भाऊजींना गरगरलं.

मालक मात्र दिलखुलास. "अहो, चाचणीला मी स्वतः उभा होतो! तासभर, मीटरसमोर!"

"करंट किती होता?"

"एकशे दहा ते एकशे चाळीस. घ्या लिहून."

भाऊजींनी लिहून घेतलं.

चार वाजता सगळे ऑफिसात जमले. निरीक्षकांनी पेन काढलं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ताप मोजलात की काय लिहिता?"

"एकशे एक."

"अठ्ठ्याण्णव ते एकशे चार का नाही?"

"असं कसं? ताप एका वेळी एकच असणार ना!"

"करंटचंही तसंच. पद्धतीत मर्यादा लिहितात, चाचणीच्या कागदावर मीटरने दाखवलं ते. या कागदावर मात्र प्रत्येक थरासमोर एकशे दहा ते एकशे चाळीस! सरळ पद्धतीवरून उतरवलंय. चाचणी झालीच नाही. तुकडा होताच कुठे?"

मालक साहेबांवर उसळले. "खोटा कागद केलास?"

"यांनी केला असता तर एकशे तेवीस लिहिलं असतं," वहिनी म्हणाल्या. " खोटं लिहायलाही कसब लागतं. स्टोअरवाले मिनिटं टिपतात, तेही असं लिहिणार नाहीत. ज्याने कधी मीटर वाचलाच नाही, त्याची ही चूक. आणि मीटरसमोर तासभर उभं राहून तुम्ही मला हेच सांगितलंत!"

"आठ दिवस मोडतात त्या चाचणीत!" मालक ओरडले. "टाकी पाठवायची कधी?"

वहिनींचा आवाज चढला. भाऊजींनी तो असा कधी ऐकला नव्हता.

"जुन्या पातळ प्लेटची पद्धत घेतलीत आणि वर नाव बदललंत. या जाड प्लेटला दीडशे अंश हवे होते. तुमचा कागद पन्नास म्हणाला, उस्तादांनी पन्नास केले. खडू साक्षीला आहे. सांध्यात आतून भेगा गेल्या. तुकडा वाकवला असता तर तो तुमच्यासमोर तडकला असता. उस्तादांनी पद्धत मोडली नाही हो. मोडली असती तर आज जिवंत असते!"

निरीक्षकांनी अहवालातली ती ओळ खोडली. मालकाला बाहेर जाऊ नका म्हणून बजावलं आणि फोन उचलला.

मुलगी ज्यासाठी आली होती ते झालं होतं. मालकाकडे तिने पाहिलंही नाही. ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, सही करायच्या आधी वाचलं होतंत?"

साहेबांचे ओठ हलले. "वाचलं होतं."

"कळलं होतं?"

"लगेच." ते रडू लागले. "सही कर, नाहीतर घरी बस म्हणाले गं…"

भाऊजींना त्यांची कीव यायला हवी होती. आला तो संतापच.

"मालकांना आकडा वाचता येत नव्हता," मुलगी म्हणाली. "तुम्हाला येत होता. आणि परवा बाबांना खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे तुम्ही होतात."