‘आलोच’ नावाचं वायफाय

शिडी आधी आत आली, माणूस नंतर.

वरच्या मजल्यावर कोण एवढं दार बडवतंय ते बघायला मी दार उघडून उभी होते. तेवढ्यात जिन्यावरून एक लांबलचक शिडी उतरत आली, वळणावर फिरली आणि तिचं टोक सरळ आमच्या घरात घुसलं. तिच्यामागून खांद्यावर वायरचं वेटोळं अडकवलेला, दातांत पेन धरलेला एक माणूस आला. चेहऱ्यावर ओशाळं हसू.

"सॉरी हं... वरचे लोक घरी नाहीत वाटतं."

"बाहेरगावी गेलेत. आठवडाभर येत नाहीत."

"मला तर आजची वेळ दिली होती."

"ते सगळ्यांनाच वेळ देतात," मी म्हटलं. "तुम्ही वायफायवाले का?"

त्याने दातांतलं पेन काढून खिशाला लावलं. "वायफायवाला, वायरवाला, शिडीवाला... लोक काहीही म्हणतात. पैसे देताना मात्र कुणी काही म्हणत नाही."

"मग शिडी आत आलीच आहे, तर आमचंच लावून द्या."

हे मी गमतीत म्हटलं खरं, पण गरज गळ्याशी आली होती. डॉक्टर लोक बोलून ठेवतात ते ऐकून टाइप करायचं, हे माझं काम. ऑफिसने सांगितलं होतं, घरी इंटरनेट नीट चालत असेल तर घरून करा, नाहीतर सोमवारपासून हजर व्हा. आणि हजर होऊन आईला एकटीला कुणाच्या भरवशावर सोडणार होते मी? बाबा जाऊन चार महिने झाले होते. संध्याकाळच्या बसमधून घरी येता येता, खिडकीशी बसल्या जागीच गेले. पिशवी मिळाली, चष्मा मिळाला, डबा मिळाला. फोन तेवढा मिळाला नाही. तेव्हापासून आई त्यांच्या खोलीत, त्यांच्या टेबलाशी, खिडकीबाहेर बघत बसायची. दिलं तर खायची, विचारलं तर मान हलवायची. डॉक्टर म्हणाले, औषधाने होईल तेवढं झालं, आता त्यांना स्वतःहून उठावंसं वाटलं पाहिजे.

शिडीवाल्याची काम करायची एक तऱ्हा होती. त्याने आधी भिंती बघितल्याच नाहीत. "तुम्ही जिथे रोज बसता तिथे बसा," म्हणाला. मी बसले. मग हातात फोन धरून घरभर हळूहळू फिरत राहिला, दर चार पावलांनी थांबत.

"हे काय चाललंय?"

"राउटर भिंत बघून लावायचा नसतो. माणसं बघून लावायचा असतो." आणि जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाला, "इथे रेंज चांगली आहे."

मी उगाच लॅपटॉपचं झाकण पुसलं.

बाबांच्या खोलीत आम्ही गेलो तेव्हा आई बोलली. चार महिन्यांत पहिल्यांदा, कुणी काही न विचारता. "ह्यांच्या टेबलावर लावा."

"काकू, हे टेबल खिडकीला लागून आहे. अर्धी रेंज रस्त्यावर जाईल. समोरच्या बसस्टॉपवरची माणसं खूश होतील."

"होऊ देत," आई म्हणाली.

मग त्याने नाव काय ठेवायचं विचारलं. मी म्हटलं, बाबा गेल्यावर बंद पडलेल्या वायफायचं जुनंच ठेवा, जुनाच पासवर्ड. जुनं नाव बाबांनी ठेवलेलं होतं, ‘आलोच’. फोन केला की बाबा कुठेही असोत, ऑफिसात असोत की बसमध्ये, एकच उत्तर द्यायचे, "आलोच." शिडीवाला आधी हसला. मग टेबलावरचा चष्मा बघून त्याने हसू आवरलं.

"एक सांगतो," तो म्हणाला. "जुनं नाव आणि जुना पासवर्ड ठेवला ना, की आधी जोडलेली सगळी यंत्रं आपोआप जोडली जातात. ती विचारत बसत नाहीत. घरातलीच असल्यासारखी येतात." मग स्वतःच्या फोनवर एकदा जोडून बघितलं, माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं आणि सांगितलं की कोण जोडलं गेलं, कोण गेलं, ते सगळं यात कळेल.

दारात शिडी तिरकी करता करता म्हणाला, "काही अडलं तर फोन करा. नाही अडलं तरी... म्हणजे, अडणार नाही म्हणा."

चौथ्या दिवशी अडलं.

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझा फोन थरथरला. ‘एक अनोळखी उपकरण जोडले गेले.’ मी ॲप उघडलं. माझा फोन, लॅपटॉप, आईचा फोन. घरात यंत्रं तीन आणि यादीत चार. चौथ्याला नाव नव्हतं, नुसता ठिपका. पंधरा मिनिटं तो तिथे होता, मग गेला.

दुसऱ्या दिवशी सात-दहालाच. तिसऱ्या दिवशीही.

मी तशी भित्री नाही. पण सात-दहा ही बाबांची बस. ती समोरच्या स्टॉपवर थांबायची, बाबा उतरायचे आणि आई गॅस पेटवायची. त्यांचा फोन कुठे आहे कुणाला माहीत नाही. आणि जुनी यंत्रं विचारत बसत नाहीत, घरातलीच असल्यासारखी येतात... अंगावर काटा आला. खरं सांगते, भीतीबरोबर दुसरंही काहीतरी आलं, आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं. मी दारापाशी गेले आणि हळूच म्हटलं, "आलात?"

आईला मी सांगितलं नव्हतं. पण त्याच आठवड्यात, सातच्या सुमाराला, ती स्वतः उठली. भिंत धरत स्वयंपाकघरात गेली. तिने चहा टाकला आणि एक कप जास्तीचा काढून बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मी दाराआड उभी राहून तोंडावर हात दाबून रडले.

शिडीवाल्याला फोन केला तेव्हा हे सगळं भडाभडा सांगून टाकलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन कटला.

"ऐकताय ना?"

"हो... सात-दहाला म्हणालात?"

"रोज. आणि आई उठायला लागलीय हो. मला फक्त ते काय आहे ते बघायचंय. बंद नाही करायचं."

दुसऱ्या दिवशी तो साडेसहालाच आला. शिडी नव्हती, केस मात्र विंचरलेले होते. त्याच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं म्हणे. आम्ही दोघं बाबांच्या खोलीत, दिवा न लावता, राउटरच्या हिरव्या दिव्याकडे बघत उभे राहिलो. खोली इतकी लहान की त्याच्या शर्टाची इस्त्री मला वासावरून कळत होती. सात-पाच. सात-आठ.

"घाबरलात?"

"नाही."

"मग माझी बाही का धरलीय?"

मी बाही सोडली. सात-दहा झाले. बाहेर बस थांबली, दार उघडल्याचा फुस्स आवाज झाला, बस गेली. यादीत तीनच.

आईने खिडकीकडून मान वळवली आणि त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. "आज कसं येईल?" ती म्हणाली.

तो घामाने डबडबला. दोन मिनिटांत निघालासुद्धा. आणि तो जिना उतरून गेल्यावर दहा मिनिटं होतात न होतात, माझा फोन थरथरला. चौथा ठिपका आला होता. परका माणूस घरातून बाहेर जाण्याची कुणी वाट बघत असावं, तसा.

त्यानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज लाल खूण करायला लागले. एक दिवसही खाडा नव्हता. साडेसातला त्याचा फोन यायचा.

"आज आलं?"

"आलं. तुम्हाला काय त्याचं एवढं?"

"काम माझं आहे ना. गॅरंटी द्यावी लागते."

"भुताची पण?"

"भुताची जास्तच. त्याचं गिऱ्हाईक कुठे तक्रार करणार?"

मग तास तास बोलणं व्हायचं. त्याच्या लाडक्या शिडीवर, आईच्या सुधारत्या तब्येतीवर, माझ्या डॉक्टरांच्या अगम्य बोलण्यावर. रविवारी मात्र फोन नसे. रविवारी सात-दहाला मी एकटीच खूण करायचे आणि साडेसातला उगाच फोनकडे बघत बसायचे. प्रेमात पडलेय हे कळायला मला काही ॲप लागलं नाही.

चौथ्या आठवड्यातल्या शनिवारी पाऊस असा लागला की समोरचा बसस्टॉपही दिसेना. सात-दहाला खूण करायला मी लाल पेन हातात घेतलं, आणि बेल वाजली. दारात तो, नखशिखांत निथळणारा. त्याच क्षणी माझा फोन थरथरला. चौथा ठिपका. मी फोनकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

त्याने खिशातून स्वतःचा फोन काढून माझ्यासमोर धरला. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘आलोच’.

"मी आहे तो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी जोडून बघितलं, ते काढायचं राहिलं. माझा स्टॉप आमच्या दुकानासमोर आहे. मी एक स्टॉप चालत इथे येतो... खिडकीत तुम्ही दिसता म्हणून. एखादी बस सोडतो, कधी दोन. मला माहीत नव्हतं हो हे असं होतंय. तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हा कळलं. तेव्हाच सांगणार होतो, पण तुम्ही म्हणालात आई उठायला लागली. मग कसं सांगणार? त्या दिवशी फोन बंद करून आलो. आणि नंतर रोज येत राहिलो, ताप असला तरी, कारण मी नाही आलो तर..."

त्याने हातातला फोन खाली केला.

मला त्याच्या एक थोबाडीत मारावीशी वाटली. चार आठवडे मी त्या दाराशी उभी राहून "आलात?" म्हणत होते, आणि तिकडे हा बसस्टॉपवर उभा. बाबा दुसऱ्यांदा गेले, आणि यावेळी चष्माही मागे ठेवला नाही. मी रडायला लागले. तो तसाच ओला, दाराबाहेर, हात लोंबते सोडून उभा राहिला.

"मग आजच का सांगितलंत?"

"कारण मला तुम्ही आवडता. आणि भूत होऊन ते सांगता येत नाही."

मी नाक पुसलं. "एक दिवससुद्धा चुकला नाहीत तुम्ही," मी कॅलेंडरकडे हात केला. रागवायचं होतं, पण आवाजात भलतंच काही आलं.

तो आत आला, खुणा बघायला लागला. बघता बघता त्याचं बोट थांबलं. मग खालच्या ओळीत थांबलं. मग तिसऱ्या.

"रविवारच्या खुणा कशा?" त्याने विचारलं.

"कशा म्हणजे? आलं तशी खूण केली."

"रविवारी मी बहिणीकडे असतो. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दुकान बंद असतं. रविवारी मी इथे कधी आलोच नाही."

पावसाचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"टॉवेल दे त्याला," मागून आई म्हणाली. ट्रेमध्ये तीन कप घेऊन ती उभी होती, भिंत न धरता. "महिनाभर त्या स्टॉपवर ताटकळतोय बिचारा. मी रोज बघते. म्हटलं, वर यायची अक्कल कधी येतेय."

"आई, तुला माहीत होतं? मग तो जास्तीचा कप..."

"त्याच्यासाठीच. कधी चढून आला तर चहा तयार असावा."

"आणि रविवारी?" मी विचारलं. "रविवारी पण ठेवतेस तू."

आईने ट्रे टेबलावर ठेवला. चष्मा उचलून पदराने पुसला आणि परत होता तिथे ठेवला.

"रविवारी हा नसतो," ती म्हणाली. "रविवारी तुझे बाबा असतात."

त्याने राउटरकडे बोट केलं. "पासवर्ड... बदलायचा का?"

"नाही," मी आणि आई एकदमच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बहिणीला काहीतरी कारण सांगून तो सहालाच आला. फोन बंद करून, सगळ्यांना दिसेल असा टेबलाच्या मधोमध ठेवला. आईने चार कप मांडले. आम्ही तिघं बाबांच्या खोलीत बसलो. पाऊस थांबला होता. खाली बस आली, दार उघडलं, दार मिटलं. स्टॉपवर कुणीही नव्हतं, मी खिडकीतून स्वतः बघितलं.

सात-दहाला माझा फोन टेबलावर थरथरला. कुणीच तो उचलला नाही. आईने चौथा कप बशीसकट हळूच खुर्चीपुढे सरकवला. "गरम आहे हं," एवढंच म्हणाली.

टेबलाखाली त्याचा हात मी कधी धरला मला कळलं नाही. तो उबदार होता.

"सोडू नकोस," मी म्हटलं.

"नाही सोडत," तो म्हणाला, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून जरा नीट बसला, पोरीच्या बाबांसमोर बसतात तसा.