तस्नीमच्या डोक्यात काय होतं?

गोष्टीच्या चौथ्या वाक्याला वाचू अडकला.

वाचू हा वेळशीच्या वाचनालयातला यंत्रमानव. गावातल्या मुलांनी लिहिलेल्या गोष्टी तो मोठ्याने वाचायचा आणि दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्या चंद्रावरच्या तळाकडे पाठवायचा. तिथे राहणारी अकरा मुलं त्या गोष्टींची आठवडाभर वाट पाहत. वाचूच्या छातीवर रंगीत दिवे होते. गोष्ट ज्याच्या मनातून चालली असेल, त्याच्या रंगाचा दिवा लागायचा.

आज इरावती तांडेलची पाळी होती. तिची गोष्ट अशी सुरू होत होती :

‘मी डुबीच्या काचेला नाक लावून समुद्रघोडा पाहत होते. तस्नीम वर धक्क्यावर होती. तिच्या मनात आलं, हिलाच सगळं दिसतं, मला काहीच नाही! म्हणून तिने मुद्दाम दोर ओढला. मला फार वाईट वाटलं.’

निळा दिवा लागला. मग पिवळा. मग दोन्ही फडफडले आणि वाचू म्हणाला, “मी आता कोणाच्या डोक्यात आहे?”

“बिघडलाय हा, तात्या!” इरा वैतागून ओरडली. घड्याळात सव्वातीन वाजले होते.

तात्या भायदे म्हणजे पाणबुड्या बांधण्यात आयुष्य घालवलेले इंजिनिअर. वाचू त्यांनीच बनवला होता, आणि डुबीही (एका मुलाला बसता येईल एवढी छोटी पाणबुडी). त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचला.

“वाचू अगदी ठीक आहे. मला सांग, ही गोष्ट कोण बघतंय?”

“मी. डुबीत बसून.”

“मग डुबीत बसून तुला वरच्या तस्नीमच्या मनातलं कसं कळलं?”

“पण गोष्ट मी लिहितेय ना! लिहिणाऱ्याला सगळं माहीत असतं.”

“असू शकतं. काही गोष्टी सगळं जाणणारा कोणीतरी सांगतो, तो हव्या त्या मनात डोकावतो. पण तू ‘मी’ म्हणून सुरुवात केलीस. त्यामुळे वाचणारा तुझ्याबरोबर डुबीत येऊन बसला. तुला दिसेल तेवढंच त्याला दिसणार, तुला ऐकू येईल तेवढंच ऐकू येणार. याला म्हणतात दृष्टिकोन (गोष्ट ज्याच्या डोळ्यांनी आणि मनाने अनुभवायची, ती जागा). तू त्या बिचाऱ्याला एका वाक्यात धक्क्यावर फेकलंस, पुढच्या वाक्यात परत पाण्यात ओढलंस. चक्कर येईल नाहीतर काय?”

इराला हसू आलं. “मग तस्नीमच्या मनातलं लिहायचंच नाही?”

“लिहायचं की! फक्त नीट उडी मारायची. आधी तुझा प्रसंग संपव. एक ओळ मोकळी सोड. मग पहिल्याच वाक्यात सांग, की आता आपण कोणाजवळ आहोत. आणि एक लक्षात ठेव, उडी तेव्हाच मारायची, जेव्हा दुसऱ्याकडे असं काही असतं जे पहिल्याला ठाऊकच नाही.”

इराने झरझर लिहायला घेतलं. आपला प्रसंग तिने पुन्हा लिहिला. त्या दिवशी डुबीतला फोन बंद होता, त्यामुळे दोराच्या खुणा ठरल्या होत्या. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे वर ये. समुद्रघोड्याच्या पोटावरची पिशवी उघडत होती आणि तिच्यातून भाताच्या शितांएवढी पिल्लं बाहेर उडत होती. पिल्लं नराच्या पोटातून! इरा श्वास रोखून बघत होती. आणि मग...

तिचं पेन थांबलं. दोराला दोन हिसके बसले होते. तिला ते कळले होते. ‘थांब गं, एक मिनिट,’ असं म्हणून तिने दुर्लक्ष केलं होतं. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

तिने तेही लिहिलं. एक ओळ सोडली. ‘तस्नीम धक्क्यावर उभी होती. तिला दिसलं की...’

काय दिसलं? इराला काहीच माहीत नव्हतं. वर आल्याआल्या आपण “जळकी कुठली!” म्हणून ओरडलो, तस्नीम एक शब्द न बोलता निघून गेली, आणि त्याला आज तेरा दिवस झाले, एवढंच तिला माहीत होतं.

“तात्या, मी आलेच!”

तस्नीम मुकादम धक्क्यावरच होती, दोराच्या चाकाला तेल देत. इराची सायकल बघून तिने पाठ फिरवली.

“तस्नीम, त्या दिवशी तुला काय दिसत होतं?”

“आता विचारतेस?”

“हो. उशीर झाला. पण सांग ना.”

तस्नीमने तेलाची बाटली खाली ठेवली. “बार्ज,” ती म्हणाली. “गाळ उपसणारी, माणसाशिवाय चालणारी सपाट बोट. आवाजसुद्धा नाही तिचा. नेहमीची वाट सोडून सरळ तुझ्यावर येत होती. मी दोनदा हिसका दिला. तू आली नाहीस. मी हात हलवले, ओरडले, पण बार्जवर ऐकणार कोण? मग चाक फिरवत सुटले. माझे हात सोलले, इरा. तुला धक्क्याच्या खांबाआड ओढलं आणि ती तिथूनच गेली, जिथे तू होतीस.”

इराला ती लाट आठवली. डुबी गदागदा हलली होती, आणि तिला वाटलं होतं की हा तस्नीमचाच राग आहे.

“मला हिसके कळले होते,” ती हळूच म्हणाली. “मी मुद्दाम आले नाही. मीच चुकले गं. आणि वर तुलाच बोलले.”

तस्नीमने फडक्याला हात पुसले आणि ती इराकडे वळली. “काय होतं तरी खाली एवढं?”

इराने सांगितलं. तस्नीमचे डोळे मोठे झाले. “नराच्या पोटातून? खोटं!”

“शप्पथ! चल, चाळीस मिनिटं आहेत. तुझा प्रसंग तू सांगायचास!”

वाचनालयात तस्नीम बोलत गेली, इरा लिहीत गेली. बार्जचं ऐकून तात्यांचा चेहरा गंभीर झाला. “हे मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, पोरींनो,” म्हणत त्यांनी लगेच बंदराच्या कचेरीत फोन लावला आणि बार्ज थांबवायला सांगितली.

पाचला तीन मिनिटं असताना वाचूने पुन्हा वाचायला घेतलं. निळा दिवा लागला आणि स्थिर राहिला. ‘...पिल्लं इतकी होती की दोराचे दोन हिसके कळूनही मी म्हणाले, थांब गं, एक मिनिट.’ मग वाचू थोडा थांबला आणि पिवळा दिवा उजळला. ‘तस्नीमच्या हातातला दोर ढिला पडला होता. खाडीत एक राखाडी भिंत डुबीच्या दिशेने सरकत येत होती...’

“बघा!” तात्या टेबलावर थाप मारत म्हणाले. “आता जे इराला ठाऊक नाही आणि जे तस्नीमला ठाऊक नाही, ते दोन्ही वाचणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणून तर त्याच्या छातीत धडधडतं!”

पाचच्या ठोक्याला गोष्ट निघाली. सव्वा सेकंदात ती चंद्रावर पोहोचली. तिथल्या मुलांची ती ऐकून झाली, आणि तिकडून इतका आरडाओरडा ऐकू आला की वाचूने आवाज कमी केला. मग एक बारीक आवाज स्पष्ट झाला. चंद्रतळावरची आठ वर्षांची ओजल बोलत होती.

“ए, आणि त्या बार्जला काय दिसलं?”

दोघी तात्यांकडे वळल्या.

“तात्या, बार्जला डोळे असतात?” तस्नीमने विचारलं.

“कॅमेरे असतात, ध्वनिलहरींचे कान असतात. आणि प्रत्येक क्षणाची नोंद असते. कुठे चुकली ते शोधायला त्या नोंदी उद्या माझ्याकडेच येणार आहेत. बसाल माझ्याबरोबर?”

उद्यापर्यंत थांबायला कोणाला धीर होता? इराने कागद पुढे ओढला, एक ओळ मोकळी सोडली आणि पेन तस्नीमच्या हातात दिलं. तस्नीमने थोडा विचार केला आणि लिहिलं :

‘बार्जला पाण्यावरचं सगळं दिसत होतं, पण पाण्याखाली कोणी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.’