डॅटसनची मागची सीट

त्या रविवारी सकाळी मी घरून निघालो तो मास्किंग टेपचे दोन रोल आणि चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन. सुदेशने आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, येताना एवढं आण, उद्या गाडी पूर्ण खोलायची. गाडी त्याची, काम दोघांचं आणि मत्सर माझ्या एकट्याचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला भला माणूस समजणार नाही.

कारण ती गाडी पहिल्यांदा मी पाहिली होती. माजिवड्याच्या जुन्या गावठाणात अल्फान्सो अंकलच्या घराला लागून एक निळी ताडपत्री होती आणि तिच्याखाली १९७४ची डॅटसन. चारही टायर जमिनीत रुतलेले, दारांच्या खालच्या कडा गंजून जाळी झालेल्या. तरी बॉनेटवरून हात फिरवला की माझा जीव वेडा व्हायचा. तीन वर्षं मी ऑफिसातून येताना ताडपत्रीचा कोपरा उचलून बघत होतो. अंकल व्हरांड्यातून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. एकदा मात्र म्हणाले की जो हिला छपराखाली ठेवील, त्यालाच देईन. मी राहतो सतराव्या मजल्यावर. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंक्चरचा टायर बदलला तरी नोटीस येते.

सुदेश माझा शाळेपासूनचा मित्र. तो अजून डोंबिवलीला, कोपरमध्येच राहतो. वडिलांचं बैठं घर, पुढे अंगण, अंगणात पत्र्याची शेड. नुसतं दाखवावं म्हणून मी त्याला गाडी दाखवायला नेलं, ही माझी चूक. अर्ध्या तासात त्याने अंकलशी हात मिळवले. परत येताना मला मिसळ खाऊ घातली आणि म्हणाला, तू भाऊ आहेस माझा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाने आलं असं त्याला वाटलं.

तर त्या रविवारी आम्ही गाडी खोलली. माझं अक्षर चांगलं, म्हणून प्रत्येक पिशवीवर टेप चिकटवून लिहायचं काम माझ्याकडे. ‘दार, पुढचं डावं, स्क्रू सहा.’ ‘वायपरचे नट.’ दुपारी आतला मिरर निघाला. बारीक, लांबट, क्रोमची कड असलेला, आणि पन्नास वर्षांत काचेवर एक डाग नाही. मी पिशवीवर ‘आतला मिरर’ असं लिहिलं, मिरर आत घातला आणि ती पिशवी माझ्या सॅकमध्ये टाकली. ठरवून नाही केलं. हाताने केलं आणि मी हाताला अडवलं नाही, एवढंच.

पुढे चौदा महिने काम चाललं. खालचा पत्रा कापून नवा वेल्ड केला, डेंटरने दारं ठोकून सरळ केली. डॅशबोर्डच्या मागे मूळ रंग सापडला, सायीसारखा. तो तेवढा सुदेशने राखला. बाकी पुढे डिस्क ब्रेक, पाच गिअरचा बॉक्स, रुंद अलॉयची चाकं, गाडी चांगली चार बोटं खाली बसवली. मी म्हणत राहिलो की जुन्या गाडीचा असा चेहरामोहरा बदलू नये. मग ती तयार झाली आणि इतकी देखणी दिसायला लागली की माझं बोलणंच खुंटलं. मिररसाठी त्याने सगळी शेड पालथी घातली. मीही त्याच्याबरोबर शोधला. शेवटी, आपल्याच हातून कचऱ्यात गेला असणार, असं म्हणून त्याने बाजारातला एक साधा मिरर लावला. मला जरा बरं वाटलं. त्याच्या गाडीत एक गोष्ट तरी खोटी होती.

अस्सल मिरर माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता. पाडव्यानंतरच्या एका संध्याकाळी, माझी बायको समृद्धी स्वयंपाकघरात होती, तेव्हा मी तो पुसायला म्हणून बाहेर काढला. काचेत माझा चेहरा नव्हता.

काचेत डॅटसनची मागची, मरून रंगाच्या रेक्झिनची सीट होती. तिच्यामागे गाडीची मागची काच आणि काचेपलीकडे मागे मागे जाणारा रस्ता. मी मिरर हलवला, सीट हलली नाही. खाडी दिसली, तिवरं दिसली, पुलाचे दिवे एकामागून एक लहान होत गेले. मोठागाव ते माणकोलीचा नवा पूल. मी सुदेशला फोन लावला. तो म्हणाला, अरे, संचिताला घेऊन चक्कर मारायला आलोय, पुलावर आहे. संचिता म्हणजे त्याची बायको. मी फोन ठेवला.

तुम्ही म्हणाल, त्याच क्षणी मिरर खाडीत फेकायला हवा होता. मला भीती वाटलीही, खोटं नाही सांगत. पण दुसऱ्या संध्याकाळी मी खोलीचं दार लावून पुन्हा ड्रॉवर उघडला. मग रोजच. ते कधी गांधारीच्या पुलावर जायचे, कधी शीळ रोडने लांबवर. मला माणसं दिसायची नाहीत, पण बोलणं ऐकू यायला लागलं. आधी पुटपुटल्यासारखं, मग स्पष्ट. ती त्याला शेंगदाणे सोलून द्यायची. तो गिअर बदलताना तिच्याशी गंमत करायचा. मी इथे खुर्चीत बसून जळायचो. ती गाडी माझी, तो रस्ता माझा, ते हसणंसुद्धा माझंच कुणीतरी उचलून नेलंय असं वाटायचं. खोलीत पेट्रोलचा आणि नव्या रेक्झिनचा वास भरायचा.

पावसाळा संपता संपता सीटवर एक खळगा दिसायला लागला. डाव्या बाजूला, कुणी बसल्यावर पडतो तसा. रोज जरा खोल. सीटवर कुणीच नव्हतं आणि रेक्झिन दबलेलं होतं... वळणावर तो खळगा एका बाजूला सरकायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला. असू दे, म्हटलं. त्याच्या गाडीत काहीतरी आहे. भोग आता.

त्याच सुमारास समृद्धी मला एकदा म्हणाली, “तुला तीन हाका मारल्या. शेवटी खांद्याला हात लावला, तर शर्ट गार... आत कुणी नसल्यासारखा.”

मी म्हटलं, डोळा लागला असेल.

“डोळे उघडे होते तुझे,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दसऱ्याला सकाळी तिने घरातली हत्यारं पूजेला काढली. पाटावर विळी, कात्री, शिवणयंत्राचं तेल घातलेलं चाक, माझे पाने आणि स्क्रूड्रायव्हर. पाने शोधताना तिला ड्रॉवरमध्ये मिरर सापडला. गाडीचाच काहीतरी भाग दिसतोय म्हणून तिने तोही मांडला. मी अंघोळ करून आलो तोवर झेंडू वाहून झाले होते आणि काचेवर हळद आणि कुंकवाचं बोट लागलं होतं, मधोमध, जरा वरच्या अंगाला. नमस्कार कर, म्हणाली. मी वाकलो. काचेत मरून सीट होती, मागच्या काचेवर झेंडूची माळ हलत होती. सुदेश गाडी पुजून देवळाकडे निघाला होता.

दहा मिनिटांत त्याचा फोन आला. आवाज उतरलेला.

“सर्वेश, गाडीत कुणीतरी आहे रे,” तो म्हणाला. “संचिता दोन महिने सांगतेय, मिररमध्ये मागे बसलेला दिसतो. मी हसण्यावारी नेलं. आज मीपण पाहिला. नुसतं कपाळ आणि डोळे. आणि कपाळावर... हळदकुंकू. ताजं. आत्ता लावल्यासारखं.”

माझ्या समोर पाटावर तो मिरर होता. काचेवरचं कुंकू अजून ओलं होतं. तो खळगा कुणाचा होता ते मला कळलं.

“डोळे ओळखीचे वाटतात म्हणते संचिता,” सुदेश म्हणाला. “कुणाचे विचारलं तर सांगत नाही.”

तेव्हा सांगता आलं असतं. मिरर माझ्याकडे आहे, मी चोरलाय, मी रोज तुमच्या गाडीत येऊन बसतो. मिरर परत दिला असता तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं, मित्र राहिला असता. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण तेवढ्यात सुदेश म्हणाला की तो गाडी ठेवणार नाही. परक्याला द्यायला जीव होत नाही. “तूच घे. खरं तर तुलाच मिळायला हवी होती.”

मी म्हटलं, “बघू. तू म्हणतोस तर घेतो.”

असा मी. गाडी ठेवायला सोसायटीबाहेर एका गोडाऊनवाल्याची बंदिस्त जागासुद्धा मी दोन दिवसांत शोधली. तीन वर्षं जी सापडली नव्हती ती.

दिवाळीच्या आदल्या रविवारी मी आणि समृद्धी गाडी आणायला कोपरला गेलो. सुदेशने किल्ली दिली, बॉनेटवर एकदा हात ठेवला आणि घरात गेला. संचिता दारात उभी होती. ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या कपाळाकडे बघत राहिली, गाडी वळेपर्यंत.

मोठागावला पुलाच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली. बाजारातला मिरर काढला आणि सॅकमधला अस्सल मिरर जागेवर बसवला. दोन स्क्रू, पाच मिनिटांचं काम. हा तर आपल्या ड्रॉवरमधला, समृद्धी म्हणाली. मी म्हटलं, आता जागेवर आला. काच मी आदल्या दिवशी स्वच्छ धुतली होती. मनाशी म्हणत होतो, मिरर गाडीत आला, मी पुढच्या सीटवर आलो, मागे बसायला आता कुणी उरलं नाही.

दुपारचे बारा वाजले असतील. लख्ख ऊन होतं. पूल चढताना गाडी अशी काही गुरगुरली की मला गाणं सुचायला लागलं. आणि सवयीने मी वर पाहिलं.

सीटच्या डाव्या बाजूला खळगा होता आणि खळग्यात माणूस बसला होता. कपाळावर ओलं हळदकुंकू. डोळे माझेच. दाढी करताना मी ते रोज पाहतो, पण दुसऱ्याकडे बघताना ते कसे दिसतात हे मला माहीत नव्हतं. ते स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांकडे बघत होते. मग समृद्धीच्या मानेकडे. मग पुन्हा माझ्या हातांकडे. पेट्रोलचा वास एकदम दाटला.

“सर्वेश,” समृद्धी म्हणाली.

मी हं म्हटलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर मिररवर होती.

“तू मागे का बसलायस?”

मागून कुणीतरी काही बोललं असावं, कारण ती जरा हसली. मग तिने हळूहळू मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि दाराला चिकटून बसली. ओढणी नीट केली, बाई परक्या माणसासमोर करते तशी.

“तुम्ही...” ती म्हणाली, “तुम्ही कोण?”

या गोष्टीला आता चार महिने झाले. घरी ती अगदी नेहमीसारखी असते. मला तू म्हणते, चहा देते, माझ्यावर चिडते. त्या दिवसाबद्दल विचारलं तर तिला काही आठवत नाही. पण रविवार आला की तीच तयार होऊन बसते, डॅटसन काढू या म्हणते. मी काढतो. विकायचा विचार केला होता. पण गाडी गेली तर मागे बसणाऱ्या त्याच्याबरोबर समृद्धीही जाईल, अशी धास्ती वाटते, म्हणून विकत नाही.

गाडीत ती पुढे बसत नाही. मागचं दार उघडते, उजवीकडे सरकून बसते, डावी बाजू मोकळी ठेवते. शेंगदाणे सोलते. मला म्हणते, जरा सावकाश चालवा. मी मान हलवतो आणि मिररमध्ये बघत राहतो, माझं आता तेवढंच काम. काल पुलावर तिने त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही. हसण्याचा आवाज मात्र दोघांचा आला.